बंगल्याच्या फुलांचे कुंपण

संशय हा आपल्याकडे बदनाम झालेला गुण आहे. त्याला गुण म्हटलेले कित्येकांना खटकेल, याची मला कल्पना आहे. श्रद्धेची स्तोत्रे रचली गेली, विश्वासाच्या नावाने माणसे शपथा घेतात. संशयाला आजवर कुणी एक फूलदेखील वाहिलेले नाही. या शब्दाच्या पोटी संस्कृतातला निजण्याचा धातू आहे. दोन बाजूंच्या मध्ये मन आडवे पडते आणि कोणत्याच कुशीवर त्याला स्वस्थता लाभत नाही, अशी ती अवस्था. अशा अवस्थेत आयुष्य काढणे सोपे नसते. ज्याला चटकन विश्वास ठेवता येतो, तो सुखाने झोपतो. संशयी माणूस मात्र जागा राहून स्वतःच्या घराचीच नव्हे, शेजारच्या घराचीही राखण करीत असतो, आणि त्याबद्दल त्याला शिव्या मिळतात.

तरीही संशयाला मान द्यावा की देऊ नये, हे एका गोष्टीवर ठरते असे मला वाटते. तो कुणाच्या दारापाशी जाऊन थांबतो, हे पाहावे. बहुतेकांचा संशय साऱ्या गावाला फेरी घालतो आणि स्वतःच्या उंबऱ्याशी आला की चप्पल काढून आदराने बाहेर उभा राहतो. आत यायचे धाडस त्याला होत नाही. गोदूबाईचा संशय आत शिरला. म्हणून मी तिच्याविषयी लिहीत आहे.

पोलादपूर मागे टाकून महाबळेश्वरचा घाट चढू लागले की एका वळणावर लाल मातीची वाट रानात शिरते आणि वर एका वाडीला जाऊन मिळते. मोजकी घरे, उतारावरची भाताची, नाचणी-वरीची शेते, गोठ्यांतली जनावरे, आणि प्रत्येक घरातले कुणी ना कुणी मुंबईला. या वाडीच्या वरच्या टोकाला दोन घरे एकमेकांना लागून होती. एक गोदूबाईचे, दुसरे तिच्या दिराचे, रायबाचे. दोन्ही घरांचे अंगण मुळात एक. त्याच्या मधोमध फुलझाडांचे एक कुंपण होते. मी जे सांगणार आहे ते थोडे गोदूबाईच्या तोंडचे आहे, थोडे रायबाच्या. दोघांच्या सांगण्यात जिथे मेळ नाही, तिथे तो घालण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

कुंपण हायड्रेंजियाचे होते. हे नाव वाडीत कुणाच्या जिभेवर कधी बसले नाही. सगळे त्याला ‘बंगल्याची फुलं’ म्हणत. गोदूबाईचा सासरा रामा हा महाबळेश्वरला एका बंगल्यात माळी होता. म्हातारपणी त्याने गोदूबाईचा नवरा सहदेव आणि रायबा या दोन मुलांमध्ये वाटणी केली. घरे वेगळी झाली, शेते वेगळी झाली, अंगणाची पाळी आली तेव्हा हद्दीचा दगड रोवायला त्याचा हात धजला नाही. भावांच्या मध्ये दगड कशाला, असे म्हणून त्याने बंगल्यातून आणलेल्या काड्या अंगणात एका ओळीत लावल्या. ती ओळ म्हणजे हद्द. आणि एक नियम घालून दिला: भात झोडून झाले, की थंडीत दोन्ही घरांनी एकाच दिवशी कुंपण छाटायचे, ज्याने त्याने आपल्या बाजूचे, दुसऱ्याच्या फांदीला हात लावायचा नाही.

रामा गेला, पुढे सहदेवही गेला. नियम राहिला. गोदूबाई तो अशा कडवेपणाने पाळी की रायबाकडची एखादी फांदी वाऱ्याने तिच्या अंगणात वाकली, तर ती काठीने परत लोटी, हाताने नाही.

गोदूबाईचे माहेर महाडजवळच्या नाते नावाच्या गावचे. लग्न होऊन ती वर आली तीच मुळी सगळ्यांकडे तिरप्या नजरेने बघत. दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवताना ती त्यावर भाताचे एक शीत ठेवी. शीत हलले की कुणीतरी झाकण उचलले हे कळे. पोलादपूरच्या बाजारात वजनकाट्याकडे ती बघत नसे, दुकानदाराच्या करंगळीकडे बघे. तिचा मुलगा मंगेश मुंबईला एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता. त्याने तिला मोबाइल घेऊन दिला आणि व्हिडिओवर बोलायला शिकवले, तर पहिल्याच दिवशी तिने विचारले, “तुझ्या मागनं कोन बघतंय रे?”

“कोन नाय आये, भिंत हाय.”

“भिंतीच्या मागं?”

या संशयाचे मोठे केंद्र मात्र ते कुंपण होते, आणि त्याला एक कारणही होते. पावसाळा सरता सरता रायबाच्या बाजूने कुंपणाला निळेभोर घोस येत, मुलाच्या डोक्याएवढे. गोदूबाईच्या बाजूला हिरवीगार पाने, सरळ उंच काड्या, आणि फूल एकही नाही. वर्षानुवर्षे नाही. झाड एक, माती एक, पाऊस एक; मग हा भेद कुणी केला? तिच्या मते याला उत्तर एकच होते, आणि ते कुंपणाच्या पलीकडे विडी ओढत बसलेले असे.

गौरीच्या दिवशी तिची धाकटी जाऊ शकू, म्हणजे रायबाची बायको, ओंजळभर घोस घेऊन कुंपणापाशी येई.

“बाय, घ्या गो, गौरीला.”

“ठेव तिथं कट्ट्यावर. माज्या फुलांच्या पाटीला हात लावू नको.”

“फुलांना काय इख लावलंय काय मी?”

“मी कुठं इख म्हटलं? तूच म्हणतेस.”

शकू हसत हसत निघून जाई. गोदूबाई घोस पाण्यात बुडवी, झटके, वास घेई, आणि मग गौरीपुढे ठेवी. गौरीला फुलांवाचून ठेवणे तिच्या हिंदोळणाऱ्या मनालाही जमत नसे.

आता तिच्या बाजूला फूल का येत नव्हते, हे सांगितले पाहिजे. या डोंगराळ मुलखात थंडी उतरली की माणसे कोयता घेऊन रानात जातात आणि ऐन-किंजळाच्या फांद्या सपासप तोडून खाली आणतात. त्यांना कवळ म्हणतात. कवळ वाळवून भाताच्या रोपांच्या जागेवर पसरतात आणि उन्हाळ्यात भाजतात. त्या राखेत रोपे जोमाने येतात. ऐनाला कितीही बोडके करा, पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो. छाटणे म्हणजे मुळापर्यंत छाटणे, हे इथल्या मनगटात पिढ्यांचे मुरलेले ज्ञान आहे. गोदूबाई थंडीत कुंपणासमोर उभी राही ती याच मनगटाने. ती डावखुरी होती. डाव्या हाताचा कोयता उजवीकडे तिरपा उतरे आणि तिच्या बाजूच्या साऱ्या काड्या गुडघ्याखाली येत. या झाडाचे मात्र वेगळे आहे. मागच्या पावसात वाढलेल्या काडीच्या शेंड्यालाच थंडीत जाड डोळे धरतात, आणि पुढच्या वर्षीचे फूल त्या डोळ्यांतून येते. गोदूबाई दर वर्षी पुढच्या गौरीची फुले आपल्याच हाताने कवळात टाकत होती. रायबाकडे बापाची बंगल्यातली छाटणीची कात्री होती. तो वाळलेला तपकिरी घोस तेवढा कापी, खालचे डोळे राखी, आणि पाचोळा, शेण नि माती यांची भर बुंध्याशी घाली. बाप करी म्हणून तो करी. याहून अधिक विचार त्याने केला असेल असे वाटत नाही.

छाटून झाले की गोदूबाई अंगण साफ करी. कवळाचा भारा कुंपणाच्या आतल्या अंगाला रचून ठेवी, उरलेले खराट्याने लोटी आणि शेणाने सारवी. सारवण जिथे कुंपण लागे तिथे थांबे. दर वर्षी तसेच.

त्या वर्षी दिवाळीत मंगेश आला तो एक बेत घेऊन. मुंबई त्याला नकोशी झाली होती. पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर पर्यटकांसाठी जीप चालवायची, असे त्याने ठरवले होते. त्याची बायको ऋतिका यायला तयार होती, पण तिची अट होती: स्वतंत्र खोली, आतच न्हाणीघर आणि संडास. जुन्या घराला जोडून तेवढी जागा एकाच ठिकाणी होती, घराची भिंत आणि कुंपण यांच्या मधली पट्टी. मंगेशने पावलांनी ती मापली आणि म्हणाला, “आये, बरोबर बसतंय. माघात गवंडी आणतो.”

गोदूबाईला आयुष्यात कशाचा लोभ नव्हता. होता तो एवढाच, की डोळे मिटण्याआधी मुलगा घरी यावा. तो आता येणार होता, आणि त्याचे येणे त्या पट्टीवर अवलंबून होते. साहजिकच तिची नजर पट्टीवर आणि पट्टीच्या पलीकडे खिळली. रायबा खोलीविषयी बरे-वाईट काहीच बोलला नाही. तिला हे फार वाईट लक्षण वाटले.

मार्गशीर्षात दोन्ही घरांची छाटणी झाली. त्यानंतर काही दिवसांनी, दिवस मावळायच्या सुमारास, तिने कुंपणाच्या फटीतून पाहिले. रायबा ओणवा होऊन काहीतरी मातीत दाबत होता. वर पाचोळा टाकला, पायाने दाबला, इकडेतिकडे बघितले आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी तिने कुंपणाच्या कडेने आपले अंगण नव्याने ओलेगच्च सारवले. रायबाने पाय टाकला तर सकाळी ठसा दिसणार. सकाळी ठसा नव्हता. दुसऱ्या सकाळीही नव्हता. सामान्य माणूस इथे निश्चिंत झाला असता. गोदूबाईची झोप उडाली. पाऊल न उमटवता जो काम करतो, त्याचे काम साधे नसणार.

“शकू, तुझा नवरा सांजचा कुंपणापाशी काय करतो गो?”

“विडी वडतो. घरात मी वडू देत नाय.”

“विडी मातीत पुरतो?”

“थुटकं पुरतो. नायतर कोंबड्या खातात.” शकूने तोंडाला पदर लावला. “का बाय, तुमाला हवीत?”

या उत्तराने तिची खात्रीच पटली की नवरा-बायको दोघे यात आहेत. रायबाने करणी पुरली आहे, लिंबू असेल, बाहुली असेल. आपल्या बाजूची फुले त्यानेच बांधली आणि आता खोली बांधू देणार नाही. एके सकाळी रायबा बाजाराला आणि शकू झऱ्यावर गेलेली पाहून ती कुदळ घेऊन कुंपणाशी गेली. पण पलीकडे हात घालणे सासऱ्याच्या नियमात बसत नव्हते. करणी काढायची असली तरी ती आपल्या बाजूनेच. म्हणून तिने आपल्याकडचा कवळाचा भारा बाजूला केला. तो वर्षानुवर्षे त्याच जागी रचला जाई. वरचा जळे, तळचा कुजून माती होई. ती माती तिने उकरली.

लिंबू निघाले नाही. खुंट निघाले. मेलेले, काळे पडलेले, मुठीएवढे खुंट, एका सरळ ओळीत, आणि ती ओळ आजच्या कुंपणाच्या बरीच आत, तिच्या अंगणात होती.

पहिला विचार तिच्या मनात आला तो तिच्या स्वभावाला शोभणारा: हे रायबाने आणून पुरलेत. उद्या खोली उभी राहताना लोकांना दाखवील, की ही बघा खरी हद्द. तिने एक खुंट दोन्ही हातांनी धरून ओढला. तो हलला नाही. दुसरा ओढला, तोही नाही. आणून पुरलेल्या लाकडाला मुळे नसतात. या खुंटांची मुळे मातीत खोल गेली होती. मग तिने एकावरची माती पदराने पुसली आणि तोंड निरखले. त्याच्यावर कोयत्याचे जुने घाव होते, एकावर एक, आणि सगळे उजवीकडे तिरपे उतरलेले. त्या दोन घरांत डाव्या हाताने कोयता चालवणारे माणूस एकच होते.

रामाने लावलेल्या काड्यांचे हे बुंधे होते. ती दर थंडीत त्यांना बोडके करीत गेली, ते झिजले. पलीकडे रायबाने भर घातलेल्या मातीत खालच्या लोळत्या फांद्यांनी मुळे धरली, त्यांची नवी झाडे झाली, त्यांच्याही फांद्या आणखी पुढे लोळल्या. कुंपण पावसापावसाने रायबाच्या अंगणात सरकत गेले, आणि तिचे सारवण त्याच्या मागोमाग. भावकीत बांध कोरून जमीन खाणारे लोक तिने पाहिले होते आणि त्यांच्या नावाने बोटे मोडली होती. इथे जमीन खाल्ली गेली होती ती शेणाच्या हाताने, आणि तो हात तिचा होता. मंगेशच्या खोलीची जवळजवळ अर्धी जागा रायबाची होती.

तिने कवळ पुन्हा होते तसे रचले.

पुढचे काही दिवस ती त्या भाऱ्याभोवती घुटमळत राहिली. सांगितले नाही तर कुणाला कळणार नव्हते. खुंट उपटून चुलीत घातले असते तर पुरावाही उरला नसता. मोह मोठा होता, कारण तो पैशाचा नव्हता. मुलगा घरी येण्याचा होता. पण एक शंका तिला सोडीना. रायबाला हे ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर तो गप्प का? भिंत उभी राहीपर्यंत थांबून मग साऱ्या वाडीसमोर तिला उघडे पाडायचे, असा तर त्याचा डाव नसेल? आणि त्याहून बोचरी एक शंका होती, ती पुढे तिने मला फार हळू सांगितली. इतकी वर्षे मी ह्या घरावर डोळा ठेवून होते, तर माझ्यावर डोळा कोन ठेवून होता?

शेवटी एका दुपारी ती रायबाच्या पडवीत जाऊन उभी राहिली. सहदेवाच्या बाराव्यानंतर ती तिथे गेली नव्हती. शकूने पाट मांडला. ती बसली नाही.

“भावजी, कुंपण सरकलंय. तुमाला ठावं व्हतं?”

रायबाने विडी कानावर अडकवली. “व्हतं.”

“कधीपासनं?”

“बाबा गेला तवापासनं बघतोय. इंच इंच येतंय माज्याकडं.”

“मग बोललात का नाय?”

“कुनाला बोलू? तुला?” तो हसला. “वयनी, तुज्याशी बोलायचं तर माहाडचा वकील संगती आनायला लागतो.”

“मस्करी नको. जागा जात व्हती तुमची.”

“झाड येत व्हतं माज्याकडं. फुलं घेऊन येत व्हतं. मी त्याला ढकलू कशाला?”

“आनि आता मंगेशची भिंत येईल. ती काय फुलं घेऊन येनार हाय?”

शकू चुलीपाशी होती, तिने तिथूनच सांगितले, “भिंत आली तर आमचा वारा जाईल, असं बोलत व्हते परवा.”

“तू गप गो,” रायबा म्हणाला.

गोदूबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. तो खरोखर उदार होता, की वारा अडण्याची वाट बघत भांडणाचा मुहूर्त शोधत होता, हे तिला त्या दिवशी कळले नाही. मलाही पुढे रायबाशी पुष्कळ बोलून ते कळलेले नाही. ती उठून आली.

माघात मंगेश आला. बरोबर सोमा गवंडी आणि महाडहून आणलेल्या सिमेंटच्या गोण्या. सोमाने कुंपणाच्या कडेने दोरी ताणली आणि जोत्याची आखणी करायला चुन्याची फक्की उचलली. तेवढ्यात गोदूबाईने कवळाचा भारा स्वतः ओढून बाजूला केला, खुंट उघडे केले आणि म्हणाली, “दोरी इथं धर.”

सोमा मंगेशकडे बघू लागला.

“आये, ते काय हाय?”

“तुझ्या आज्याची हद्द.”

मंगेशला समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर तो आणखीच संतापला. “इथं दोरी धरली तर खोली राहील का ती? पलंग ठेवला की मानूस आडवा चालेल. न्हाणीघर कुठं करू, डोक्यावर? येड लागलंय का तुला? काकाने मागितली का जागा? कोन बोललं तरी का तुला?”

“कोन बोललं नाय, म्हनूनच.”

कुंपणापलीकडून रायबाचा आवाज आला. “वयनी, राहू दे. पोराला बांधू दे. मी देतोय म्हंतो ना.”

“आज देताय,” ती न वळता म्हणाली, “उद्या तुमचा सुधीर म्हनंल, माज्या बापाने तोंडी दिली, मला कबूल नाय. मग दोघं भाऊ भांडतील. तुमच्यावर माजा इस्वास नाय भावजी, आनि तुमच्या पोरावर तर नायच नाय.”

“आनि माज्यावर?” मंगेश म्हणाला.

“तुज्यावर हाय म्हनतोस? तू तर भिंत बांधायला निघालास.” मग तिचा आवाज खाली आला. “माज्यावरच नाय रे. मी एवढी वर्सं बघत बसले, नि माझेच हात चालले. आता मी म्हातारी झाले. पुढं काय करीन ते मला ठावं नाय. तवा आत्ता, मी बघतेय तवर, दोरी इथं धर.”

सोमाने दोरी खुंटांवर धरली. मंगेश पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला, मग गोण्यांवर ताडपत्री टाकून दुपारच्या गाडीने मुंबईला निघून गेला. खोली त्या वर्षी झाली नाही. व्हिडिओवर ऋतिकाने एवढेच विचारले, “आत्या, मग कपाट कुठं ठेवायचं?” त्यानंतर गोदूबाई पुष्कळ दिवस फोनकडे बघत बसे. तो वाजला नाही. मुलगा येणार नाही, ही शंका मात्र तिने कधी कुणापाशी बोलून दाखवली नाही. आयुष्यात एवढीच एक शंका तिने मनात ठेवली असावी.

पाऊस पडू लागल्यावर रायबाने मुळे धरलेली रोपे उपटली आणि जुन्या ओळीत लावायला आणली. गोदूबाई छत्री धरून प्रत्येक रोपापाशी उभी होती. एखादे रोप बोटभर इकडे झाले तर ती “तिकडं” म्हणे, आणि तिकडे झाले तर “इकडं.”

“वयनी, देवळातला देव बसवताना एवढी खटपट नाय केली.”

“देव सरकत नाय,” ती म्हणाली.

पुढच्या थंडीत छाटणीच्या दिवशी रायबाने तिला काडीच्या शेंड्यावरचे डोळे दाखवले आणि सांगितले, की कोयता ठेव, फूल यात असते. तिने ऐकून घेतले आणि विश्वास ठेवला नाही. एक काडी तेवढी राखली, तिला लाल दोरा बांधला, बाकीच्या सगळ्या कोयत्याने उतरवल्या. भाद्रपदात त्या एका काडीला एक घोस आला. शकू टाळ्या वाजवत धावली. गोदूबाईने घोस उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “एकावरनं काय कळतंय? आनखी एक वरीस बघूया.” त्या थंडीत तिने दोन काड्या राखल्या. कोयता पूर्णपणे खाली ठेवायला तिला आणखी कितीतरी हिवाळे लागले असते. तेवढे तिला मिळाले नाहीत.

मंगेश आला तो तो पहिला घोस येण्याआधीच्या माघात, न सांगता. सोमाला घेऊनच आला. जोते जुन्या ओळीपर्यंतच घातले. खोली अरुंद झाली, न्हाणीघर मागच्या गोठ्याच्या जागी गेले. तो आईशी फारसे बोलला नाही, पण दोरी त्याने स्वतः खुंटांवर धरली. जीप घेतली. ऋतिका पहिल्यांदा सुट्टीपुरती आली, मग राहिली. भिंत पूर्ण झाली त्या दिवशी गोदूबाई तिच्या कडेने हात फिरवत गेली, पलीकडे डोकावली आणि रायबाला म्हणाली, “बघा भावजी, तुमचा वारा चालू हाय ना?”

“चालू हाय,” रायबा म्हणाला.

“खरं सांगताय?”

गेल्या हिवाळ्यात, छाटणीच्या आधी, अंगावर ताप काढता काढता गोदूबाई गेली. दोन्ही घरांनी एकाच चुलीवर दहा दिवस स्वयंपाक केला. छाटणी त्या वर्षी रायबा आणि मंगेश यांनी एकाच दिवशी केली, ज्याने त्याने आपल्या बाजूची.

तिच्या मागे एक अरुंद खोली राहिली आहे. तिच्यात कपाट उभे राहत नाही, म्हणून ऋतिकाने कपडे दोरीवर टांगले आहेत. आणि त्या खोलीची भिंत आपल्याच जागेवर आहे, याविषयी दोन्ही घरांत कुणाला शंका नाही.